थापाड्याची कादंबरी

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर का दिलं नाही याची तीन कारणं तयार आहेत, पण तुझ्यापुढं ती चालायची नाहीत. कादंबरी अडलीय, एवढंच खरं.

बारा वर्षांचं पोरगं, उठल्यापासून झोपेपर्यंत थापा मारतंय, आणि गोष्टही तेच सांगतंय. पहिली ऐंशी पानं झरझर झाली. ज्यांना वाचायला दिली ते विचारतात, "शेवटी सुधारतो ना?" एकजण म्हणाले, खोटं बोलून त्याला मिळतं काय, ते दाखवा. अरे, काही मिळत नाही, तीच तर गोची! १८९१ साली डेलब्रुक नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं अशा माणसांवर लिहिलं आणि या खोडीला 'स्युडोलॉजिया फँटास्टिका' असं भारदस्त नाव मिळालं. आपल्या पेठेत 'पुड्या सोडतंय' म्हणायचे, की विषय संपला.

आजोबांची थाप आठवते? खासबागेत शाहू महाराजांसमोर त्यांनी पंजाबी पैलवान चीत केला, असं मी वर्गात ठोकून दिलं होतं. सगळी आ वासून ऐकत होती. तू तेवढा म्हणालास, "लका, महाराज १९२२ ला वारले. तुझा आजा तवा रांगत असंल." मी दम न घेता राजाराम महाराजांवर आलो. डाव कुठला? ढाक. किती वेळ चालली? पाऊण तास. तू विचारत गेलास आणि आजोबा पैलवान होत गेले. निम्मी थाप तुझी, हे आज लेखी देतो.

पण तू घरी जाऊन चुलत्यांना सांगशील असं वाटलं नव्हतं. रविवारी तुला घेऊन ते थेट आमच्या दारात. आजोबा शिलाई मशीनवर, गळ्यात टेप.

"पैलवान, ढाक कुणाकडनं शिकलासा?"

आजोबांनी हातानं मशीनचं चाक थांबवलं. माझ्याकडं बघितलं. "लई जुनी गोष्ट झाली ती," म्हणाले.

तुझे चुलते त्यांच्या कानांकडं बघत होते. त्यांचे स्वतःचे कान कुस्तीत रगडून रगडून गोळा झालेले. आजोबांचे कान सुपासारखे सरळ, एकावर पेन्सिल खोचलेली. मला तेव्हा कानांचं काही कळत नव्हतं. मी आपला सुटलो म्हणून खूश. चुलते बसले, चहा प्याले, जाताना दोन लंगोट शिवायला टाकून गेले. त्या दिवसापासून गल्लीतनं जाता-येता आजोबांना "काय पैलवान" म्हणायचे, आणि आजोबाही हात वर करायचे.

हा प्रसंग नऊ वेळा लिहिला. पोराच्या थापा कशा वाहत्या येतात, आणि इथं आलं की सगळं नाटकातलं वाटतं. चुलत्यांना मी कधी उदार करतो, कधी मिश्कील. दोन्ही फसतं. दारातनं बाहेर पडल्यावर ते काय होते, हे मला ठाऊकच नाही.

तू त्यांच्याबरोबर चालत गेलास. रस्त्यानं काही बोलले का? हसले? का तुझाच कान पिळला? जे असेल ते लिही. आठवत नसेल तर तसं कळव, पदरचं काही घालू नकोस. त्या कामाला मी आहे.

तुझा,
थापाड्या