धर्माचा रकाना

मा. संपादक, स.न.वि.वि.

मुलीच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यात मी रेघ मारली, तर खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या असं चालत नाही, कॉम्प्युटर पुढेच जात नाही. लाइनमधले एक काका म्हणाले, अहो जन्माने जे असेल ते लिहून टाका की. टाकलं लिहून, पण ते अजून मनाला लागून राहिलंय.

मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय की सरकार कुणालाही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही आणि मला कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क घटनेच्या कलम २५ मध्येच येतो. २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले २८ लाखांवर लोक होते, आता ते सगळे नास्तिक असतील असं नाही, पण रकाना मोकळा सोडणारा मी एकटा नाही एवढं नक्की.

खरं तर फॉर्मपेक्षा त्यानंतरचा प्रश्न जास्त टोचतो. देव मानत नाही मग जगता कुणाच्या जोरावर? आमच्या कराडजवळच्या टेंभूचे बुद्धिवादी समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर, जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी, दम्याने बेजार होते तरी लिहीत राहिले, ३८ व्या वर्षी गेले, तो माणूस काय पोकळ होता का?

आणि माझी आई माळकरी आहे. गुडघे गेल्यापासून तिची वारी म्हणजे चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं उभं रिंगण बघायचं आणि परत यायचं, गाडीने मीच नेतो. अश्व धावला की ती रडते, मला तसं काही होत नाही, पण तिच्याकडे बघून माझाही गळा दाटतो. वडिलांचं देहदान करायचं ठरलं तेव्हा भाऊबंद चिडले. आई एवढंच म्हणाली, त्यांची इच्छा होती ना, मग कर, फक्त दहाव्याला मला कावळ्याला घास ठेवू दे. ठेवला तिने, मी शेजारी उभा होतो. कावळा लवकर येईना तेव्हा तिचा हात मीच धरून ठेवला होता, त्या वेळी माझ्याकडे जे काय होतं त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं सांगा.

मुलगी विचारते बाबा आपण कोण. मी म्हटलं आजीचं आजीला विचार, माझं मी सांगतो, तुझं तू मोठी झालीस की ठरव. तोपर्यंत शाळांच्या फॉर्मवर ‘कोणताही नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ असे दोन पर्याय टाकावेत, एवढी शिक्षण खात्याला कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, कराड