बुडबुडे थांबले म्हणजे सिरका झाला नव्हे

महोदय,

जांभळे बाजारात आली की घरगुती सिरक्याच्या (व्हिनेगरच्या) कृती छापून येतात आणि बहुतेकींचा शेवट ठरलेला असतो: ‘बुडबुडे थांबले की गाळून बाटलीत भरा.’ हे वाक्य कृपया छापू नये. त्या घडीला बरणीत असते ती जांभळाची कच्ची वाइन. तिचा सिरका व्हायचा अजून बाकी असतो.

शिवाय बुडबुडे थांबले म्हणून आंबणे संपले असेही नाही. जूनच्या उकाड्यात रस ३५ अंशांच्या वर तापला की यीस्ट गळाठते आणि साखर तशीच राहते. पाऊस पडून माळव्यात गारवा आला की तेच यीस्ट पुन्हा कामाला लागते. तोवर बूच घट्ट बसवलेले असेल तर बाटली फुटते, काचा घरभर उडतात. म्हणून प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानातून हायड्रोमीटर (द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचनळी) आणावा आणि तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घनता मोजावी. दोन्ही आकडे सारखे आणि १.००० च्या आसपास किंवा खाली आले, तरच काम झाले. दुधाचा लॅक्टोमीटर इथे चालत नाही, त्याची पट्टी पाण्याच्या घनतेखाली जात नाही. आकडा १.०२० वर अडकला असेल तर बरणी गार जागी हलवून तळ हलकेच ढवळावा व थांबावे.

आंबणे संपल्यावर साक्यावरची निवळी लगेच काढावी. नळीचे टोक साक्याच्या दोन बोटे वर धरावे. मेलेले यीस्ट तळाशी कुजले की सडक्या अंड्याचा वास येतो आणि तो नंतर जात नाही. भांडे काचेचे घ्यावे. तांबे, पितळ, अॅल्युमिनियम नको.

आता मद्यार्क मोजायचा: रस आंबायला ठेवताना घेतलेल्या हायड्रोमीटरच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणावे. १.०७५ वरून ०.९९८ वर आले असेल तर साधारण १० टक्के. एवढ्या तीव्रतेत सिरक्याचे जिवाणू मंदावतात, म्हणून लिटरमागे ६५० मिली उकळून गार केलेले पाणी घालून ते ६ टक्क्यांवर आणावे. मग दर लिटरला २५० मिली जिवंत, न तापवलेला सिरका विरजण म्हणून घालावा. दुकानातल्या पांढऱ्या सिंथेटिक व्हिनेगरमध्ये जिवाणूच नसतात. वाइन टिकवण्यासाठी घालतात ते मेटाबायसल्फाइट इथे घालू नये, विरजण मरते.

रुंद तोंडाची बरणी अर्धीच भरावी. या जिवाणूंना हवा लागते. तोंडाला दुहेरी मलमल बांधावी, नाहीतर चिलटे शिरतात. २५ ते ३० अंशांत सहा ते दहा आठवडे लागतात. वर जेलीसारखी गुळगुळीत साय धरली तर उत्तम. कोरडा, सुरकुतलेला पांढरा पापुद्रा आला तर काढून टाकावा. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर सगळे फेकावे. नेलपॉलिशसारखा वास येऊ लागला तर बहुधा हवा कमी पडते आहे.

दारूचा वास गेला की थांबायचे. बरणी तशीच उघडी ठेवली तर मद्यार्क संपल्यावर जिवाणू आम्लच खाऊ लागतात आणि सिरका पाणचट होतो. गाळून ६५ ते ७० अंशांवर दहा मिनिटे तापवावा, बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात.

आपल्या पाककृती विभागाला विनंती आहे की कृतीत साखरेचे वजन आणि शेवटची आम्लताही छापावी. अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल लागते. ते पीएच कागदाने कळत नाही, टायट्रेशनच (अल्कली थेंबाथेंबाने मोजून घालत आम्ल किती ते काढण्याची चाचणी) करावे लागते. मोजणी झालेली नसेल तर तो सिरका कोशिंबिरीत वापरावा, टिकाऊ लोणच्यात नको. आणि मधली वाइन पिण्यासाठी बाजूला काढू नये: मध्य प्रदेशात परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे.

– एक वाचक, इंदूर