बाबराला हवं होतं समरकंद

महोदय,
बाबर लुटीसाठी हिंदुस्थानात आला, एवढ्या एका वाक्यावर आपल्याकडे विषय संपतो. लूट झाली, ती नाकारायचं काहीच कारण नाही. पण हा माणूस मुळात दक्षिणेकडे वळलाच का, हे मुलांना कुणी सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

१४९४ मध्ये अख्सीच्या किल्ल्यात कबुतरखान्यासह दरीत कोसळून त्याचे वडील गेले आणि अवघ्या अकराव्या वर्षी मध्य आशियातल्या फरगणाची गादी त्याच्याकडे आली. त्याचा जीव मात्र पूर्वज तैमूरच्या राजधानीवर, समरकंदवर जडला होता. ते शहर त्याने तीनदा जिंकलं आणि तीनदा गमावलं. पहिल्यांदा तर जेमतेम शंभर दिवस हाती राहिलं! दुसऱ्यांदा शैबानी खानाच्या उझबेकांनी त्याला हुसकावलं आणि त्याला वणवण करावी लागली. १५०४ मध्ये काबूल मिळालं, पण तिथला महसूल तुटपुंजा. पदरचं सैन्य पोसायचं कशावर? १५१२ मध्ये समरकंदची आशाही मावळली. मग तैमूरच्या जुन्या स्वारीच्या आधारे पंजाबवर हक्क सांगणं आलं, पंजाबचा सुभेदार दौलतखान लोदी याचं बोलावणं आलं आणि १५२६ मध्ये पानिपत झालं.

दिल्ली-आग्रा हाती आल्यावरही त्याला इथला उन्हाळा आणि धूळ सोसवत नव्हती. एकदा खरबूज कापून खाताना मायदेशाच्या आठवणीने आपल्याला रडू कोसळलं, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा