पेलामध्ये मराठी बोलण्याबद्दल

प्रिय मनू,

परवा फोनवर तू मध्येच इंग्लिशमध्ये बोलायला लागलीस, मग म्हणालीस की दुकानात आहे, लोक बघतात. ते काही माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबलचक लिहितेय, सावकाश वाच.

तू राहतेस ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं पेला गाव कुणी वसवलं माहितीये ना? हेंड्रिक स्कोल्टे नावाचे एक डच पाद्री होते. हॉलंडमध्ये चर्चवर राजाचा ताबा होता, ते यांना पटेना, म्हणून 1834 मध्ये हे आणि आणखी काही जण त्या चर्चमधून बाहेर पडले. मग सुरू झाला छळ, परवानगीशिवाय वीसपेक्षा जास्त माणसं प्रार्थनेला जमली की दंड, स्कोल्टे तर तुरुंगातही जाऊन आले. पुढे त्रास कमी झाला पण बटाट्याचं पीक सडलं, पोटाचे हाल, शेवटी 1847 मध्ये साधारण आठशे लोक चार जहाजांनी बाल्टिमोरला उतरले आणि तिथून आयोवापर्यंत आले. घरं कुठली असायला, जमिनीत खड्डे खणून वर गवताचं छप्पर घातलं आणि त्यात राहिले गं बायाबापड्या, लेकरंबाळं घेऊन! स्कोल्टेंच्या बायकोची, मारियाची, हौसेने आणलेली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावची निळी-पांढरी चिनीमातीची भांडी पेटीतच फुटलेली निघाली. म्हणतात की तिने ते तुकडे अंगणातल्या वाटेवर बसवून घेतले. चौकाशेजारी त्यांचं घर अजून आहे, एकदा तरी जाऊन ये.

पण मला सांगायचंय ते पुढचंच. हे लोक चर्चमध्ये डचच बोलायचे, प्रवचन डच, भजनं डच. आणि 1918 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, आयोवाच्या गव्हर्नरने, हार्डिंग त्याचं नाव, फर्मान काढलं की शाळेत, रेल्वेत, चारचौघात, अगदी फोनवरसुद्धा फक्त इंग्लिश. चर्चमध्ये पण! ज्यांना इंग्लिश येत नाही त्यांनी आपापल्या घरात प्रार्थना करावी म्हणे. राग खरा जर्मनांवर होता पण डच, चेक, नॉर्वेजियन सगळेच भरडले गेले. स्कॉट काउंटीत काही शेतकऱ्यांच्या बायका फोनवर जर्मन बोलल्या म्हणून त्यांच्याकडून 225 डॉलर वसूल केले, तेव्हाचे 225 हां. आणि हा गव्हर्नर म्हणे बोलला होता की देव इंग्लिशच ऐकतो. मला वाचून इतका संताप आला! मराठीत देवाचं लिहिलं म्हणून आपल्या संतांनी काय कमी सोसलं का. ज्यांचे वाडवडील मोकळेपणी प्रार्थना करता यावी म्हणून समुद्र ओलांडून आले, त्यांनाच इथे परत तेच ऐकायला लागलं.

युद्ध संपल्यावर डिसेंबरमध्ये फर्मान मागे घेतलं, पण एकदा बसलेली भीती अशी लगेच जाते का? जर्मन वर्तमानपत्रं, शाळा तर तेव्हा कितीतरी बंद पडल्या.

तेव्हा बाळा, त्या गावात तू फोनवर मराठी बोललीस तर वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. आणि बघणारे सगळे रागानेच बघतात असं कशाला धरून चालायचं, एखाद्याला आपली आजीही आठवत असेल. तुझ्या घरमालकीणबाईंना विचार ना, त्यांच्या घरी डच कोण बोलायचं, कधीपर्यंत बोलायचं. आणि काय म्हणाल्या ते रविवारी फोन करशील तेव्हा सांग, मराठीतच.

तुझी,
आई