भूलतज्ज्ञ डॉक्टर मॅडमना, अण्णांच्या त्या रात्रीबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

अण्णांच्या मनगटात प्लेट बसवणाऱ्या सर्जनसाहेबांचे आभार आम्ही डिस्चार्जच्या वेळीच मानले. तुम्ही तेव्हा पुढच्या केसमध्ये होतात, भेट राहून गेली. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नावही बहुतेक नातेवाइकांना ठाऊक नसतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

अण्णांचं वय ७४. जुना दमा, मधुमेह, आणि बीपीच्या गोळीने नाडी आधीच मंद. पूर्ण भूल द्यावी लागणार या धास्तीने आम्ही भावंडं हवालदिल झालो होतो. आदल्या संध्याकाळी तुम्ही वॉर्डात आलात, खुर्ची ओढून बसलात आणि आम्हाला नाही, थेट अण्णांनाच समजावलंत. फक्त हात बधिर करायचा, तोही काखेतून. मानेजवळ इंजेक्शन दिलं तर श्वासपटलाची नस काही तास लुळी पडू शकते, दमेकऱ्याला ते झेपत नाही.

मी विचारलं, रात्री बधिरपणा उतरल्यावर काय? चुलतभावाचं ऑपरेशन असंच छान झालं होतं, पण मध्यरात्री ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) उतरला आणि उजाडेपर्यंत तो नुसता तळमळत होता. तुम्ही म्हणालात, बुपिव्हॅकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा असर साधारण आठ ते बारा तास. त्यात थोडं डेक्सामेथासोन मिसळलं तर आणखी सहा-आठ तास मिळू शकतात. ते स्टिरॉइड, साखर चढवणारं, म्हणून चारच मिलिग्रॅम. डेक्समेडेटोमिडीन या दुसऱ्या औषधानेही ब्लॉक लांबतो, पण नाडी आणखी मंदावते, म्हणून अण्णांना ते नको. औषधाच्या लेबलवर हा वापर छापलेला नसतो, तरी तो बराच रुळलेला आहे, हेही तुम्ही आपणहून सांगितलंत आणि मगच संमती घेतलीत. त्या मोकळेपणाने आम्हाला फार धीर आला.

नंतर मी वाचलं, की जर्मन सर्जन हाइनरिश ब्राउन यांनी १९०३ सालीच बधिर करणाऱ्या कोकेनमध्ये अ‍ॅड्रिनलिन मिसळून भूल लांबवली होती. रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं. म्हणजे वाट जुनीच. पण अण्णांना काय चालेल आणि काय नाही, याचा हिशेब तुम्ही त्या खुर्चीत बसून केलात.

सोनोग्राफीच्या पडद्यावर नसेभोवती औषधाची काळी कड पसरताना तुम्ही त्यांना दाखवलीत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते अजून सांगतात!

सकाळी दहाचं ऑपरेशन, आणि अण्णा रात्रभर शांत झोपले. हात झोळीत ठेवा, शेकू नका, भाजलं तरी कळणार नाही; दुखायची वाट न बघता गोळी आधीच द्या, हे सगळं आम्ही पाळलं. साखर थोडी चढली, पण सिस्टरांनी लक्ष ठेवलं होतं. पहाटे पाचच्या सुमारास बोटं हलली. "दुखतंय गं, पण सोसवतंय," म्हणाले आणि चहा मागितला.

मॅडम, ऑपरेशननंतरच्या रात्रीची काळजी तुम्ही आदल्या दिवशीच केली होतीत. त्यासाठी मनापासून आभार. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा पाच मिनिटं द्याल का? अण्णांना तुम्हाला भेटायचं आहे.

आपली नम्र,
अण्णांची थोरली लेक