सामाईक कॉम्प्युटर आणि नजरेचं नुकसान

चि. एस्तेर,
शालोम.

होस्टेलमधला कॉम्प्युटर म्हणजे वाड्याचं सामाईक अंगण समज. मिश्ना या आपल्या जुन्या यहुदी कायदेग्रंथाच्या बाबा बात्रा भागात अशा अंगणाचाच नियम आहे: शेजाऱ्याच्या दारासमोर दार किंवा खिडकीसमोर खिडकी काढू नये, आणि मधली भिंत पडली तर ती ४ हात उंच पुन्हा बांधावी. पुरुषभर उंच, म्हणजे पलीकडचं दिसत नाही. आपल्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, याला नाव दिलं, हेझेक रेइया: नुसत्या नजरेने होणारं नुकसान. कुणी काही उचललं नाही, कुठे बोललं नाही, तरी समोरच्याचं नुकसान झालेलंच असतं.

पत्रांबाबत त्याहून कडक बंदी आहे. सुमारे १००० वर्षांपूर्वी जर्मनीतल्या माइंझला होऊन गेलेल्या रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाचा हेरेम, म्हणजे बहिष्कार, दुसऱ्याचं पत्र विनापरवानगी वाचणाऱ्यावर आहे. मालकाने फेकून दिलेलं पत्र तेवढं त्यातून सुटतं. घोटाळा होतो तो इथेच. आधीची मुलगी जीमेल उघडं ठेवून गेली, तर तिने ते फेकलेलं नाही, ती विसरली आहे. वर उजवीकडच्या गोलावर क्लिक करून साइन आउट कर. इनबॉक्सची पहिली ओळसुद्धा वाचू नकोस. वर्डची फाइल अर्धवट दिसली तर आधी सेव्ह कर, मग बंद कर.

तुझ्या बाजूची भिंत तू बांध. कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून क्रोमची इन्कॉग्निटो विंडो उघड आणि काम झालं की बंद कर. हॉलतिकिटाची पीडीएफ मात्र तरीही डाउनलोड्समध्ये राहते. नुसतं डिलीट केलंस तर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन पडते, म्हणून शिफ्ट-डिलीट. प्रिंटरच्या ट्रेमधले कागदही उचल.

व्हॉट्सॲप वेब सगळ्यात नाजूक. साध्या विंडोत टॅब बंद केला तरी जोडणी तुटत नाही. फोनवर लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन ते मशीन लॉग आउट करावं लागतं. तुझ्या चॅटमध्ये मैत्रिणींचे शब्द असतात, गं. तालमूदच्या, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथाच्या, योमा भागात म्हटलंय की सांगणाऱ्याने ‘जा, सांग’ म्हटल्याशिवाय त्याची गोष्ट दुसऱ्याकडे न्यायची नाही. उघडं राहिलेलं चॅट तीच गोष्ट न विचारता पोहोचवतं.

पेनड्राइव्ह सापडला तर कुणाचा ते बघायला मशीनला लावू नकोस. वॉर्डनबाईंकडे दे, आणि रंग किंवा दोरी कशी आहे ते नोटीसवर लिहू नकोस. हशावत अवेदाच्या, म्हणजे हरवलेली वस्तू परत करण्याच्या, नियमात वस्तू मागायला येणाऱ्यानेच तिची खूण सांगायची असते.

तुझी आई