फणस गप्प झाला

वाळपई, १२ मे

प्रिय बाबल्या,

आठ महिने पत्र नाही, फोन केलास तर उचलला नाही. शिव्या आधी घालून घे, मग वाच. साखर आहे तशी, गुडघे आहेत तसे. लिहितोय ते वेगळ्याच कारणाने, आणि घरात कोणाला बोललेलो नाही.

यंदा निम्मा एप्रिल सरला तरी आपला फणस गप्प, त्यावर एकही सिकाडा किरकिरेना. मी म्हटलं, संपलं! वरच्या बागायतीत जेसीबी फिरला, त्यातच गेले बिचारे. त्यांची पिल्लं वर्षानुवर्षं मुळांचा रस ओढत जमिनीतच असतात, माती उपसली की खलास. चहाच्या टपरीवर मी यावर भाषण ठोकलं. पंचायतीला अर्ज लिहायला घेतला, दोन पानं झालीसुद्धा.

परवा पर्वरीहून नात आली. भर दुपारी तिला त्यांनी टाकलेल्या काती दाखवायला फणसाखाली नेलं. बुंध्यावर आठ-दहा चिकटलेल्या होत्या. पाठीला उभी चीर, नख्या सालीत रुतलेल्या, पुढच्या पायांना अजून तांबडी माती. पोरीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "आजोबा, केवढं ओरडतायत!"

मला काही नाही. वारा ऐकू येत होता, खालच्या रस्त्यावरच्या कदंब बसचा हॉर्न येत होता.

खालच्या फांदीवर एक दिसला, तो मुठीत धरला, तू धरायचास तसा. मुठीत जी थरथर सुटली ती पार मनगटापर्यंत. पोटाच्या दोन्ही बाजूंचे पडदे लपलपत असणार, पोकळ पोट घुमत असणार. नात दोन पावलं मागे सरली. माझ्या कानात नुसती खरखर, जुन्या रेडिओसारखी. शेवटी हातावर मुतून उडाला.

तू अजून त्याला रातकिडाच म्हणत असशील. चौथीपासून सांगतोय, रातकिडा पंखावर पंख घासतो. हा सिकाडा, हा पोट वाजवतो, आणि तेही नरच. माद्या गप्प. त्यावर 'आमच्या घरी उलटं आहे' असं तू म्हणाला होतास, ते वहिनींपासून मी अजून लपवून ठेवलंय. पैजेचे दोन उंडे पाव मात्र येणं आहेत.

गंमत जाऊ दे. गेल्या भजनी सप्ताहात झांजवाल्या पोराला मी चारदा झापलं, "जोरात वाज रे!" पखवाजवाल्याने तेव्हा त्याच्याकडे बघून जे डोळे केले, त्याचा अर्थ आत्ता लागतोय. तंबोरा मीच लावतो ना? कधीपासून बेसूर लावतोय, बाबल्या? मास्तर म्हणून भिडेखातर सगळे त्यावरच गात बसले असतील? वयाबरोबर बारीक आवाज आधी जातात, हे वर्गात मीच शिकवलं होतं. डॉक्टरकडे गेलो की कानाला यंत्र लागणार. ते दिसलं की पेटीपाशी कोण बसवतोय, मागे चटईवर श्रोत्यांत.

आणि ऐक. तुझ्या लेकाने २०२४ साली शिकागोहून फोनवर तिकडचे सिकाडा ऐकवले होते. तेरा वर्षं जमिनीत काढणारी एक टोळी आणि सतरा वर्षं काढणारी एक, १८०३ नंतर प्रथमच दोन्ही एका वर्षी वर आल्या म्हणून किती उत्साहाने सांगत होता पोरगा! मी "लाइन खराब आहे" म्हणून फोन ठेवला. लाइन खराब नव्हती रे.

सुनेचं सगळं नीट झालं ना? घराचा रंग झाला? वहिनींना नमस्कार.

पाऊस लागायच्या आत ये. एकदा लागला की त्यांचंही गाणं आटपलं. दुपारी आधी फणसाखाली उभे राहू, मग मी तंबोरा लावतो, तू ऐक. तुला माझी भीड कधीच नव्हती. अर्ज अजून फाडलेला नाही. जेसीबी तर फिरलाच आहे.

तुझा,
दत्ता